बावीस वेळा पाहिलेली टेप

त्याचं खरं नाव आमच्या इमारतीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत त्याने चौतीस वर्षं काढली. तिथे त्याला गमत्या म्हणायचे आणि ते नाव त्याच्या पाठोपाठ घरी आलं. त्याला ते आवडायचं. जिथे जाईल तिथे माणसं हसवायची, एवढंच आपलं काम आहे असं त्याला मनापासून वाटे.

त्याची एक गोष्ट मी निदान दहादा ऐकली असेन. कंपनीत नवा लागलेला एक वेल्डर बंद जागेला घाबरायचा. गमत्याने त्याला दोन मजल्यांच्या मधोमध लिफ्टमध्ये अडकवून ठेवलं आणि वरून ओरडून विचारत राहिला, चहा खाली सोडू का. वीस मिनिटांनी वेल्डर बाहेर आला तेव्हा त्याची पँट ओली झाली होती. आठवड्याभरात त्याने नोकरी सोडली. हा शेवटचा भाग गमत्या टाळीसाठी हात पुढे करून सांगायचा, आणि मी टाळी द्यायचो.

मी त्याच्या खालच्या मजल्यावर राहतो. वाचनालयात नोकरी केलेली असल्यामुळे कुठल्याही यंत्राबरोबर येणारी सूचनापत्रं तो माझ्याकडून वाचून घ्यायचा. त्यामुळे त्याच्या सर्व्हरच्या खटपटीत मी पहिल्या दिवसापासून होतो.

बायको जाऊन तीन वर्षं झाल्यावर त्याने एकदाचं तिचं कपाट रिकामं केलं. साड्यांच्या मागे चपलांचे दोन खोके निघाले. त्यात कॅमेऱ्याच्या छोट्या टेपा, एकूण एक्केचाळीस. लेक सहा वर्षांची असताना त्याने कॅमेरा घेतला होता आणि पुढची आठ-नऊ वर्षं तो त्याच्या हातातून सुटला नव्हता. एकाही टेपेत तो स्वतः दिसत नाही, कारण कॅमेरा त्याने दुसऱ्या कुणाच्या हाती कधी दिलाच नाही.

लेकीने फोनवर सांगितलं की सगळं इंटरनेटवर कुठेतरी साठवायला द्या आणि मोकळे व्हा. त्याला ते पटेना. माझ्या घरातलं मी परक्याच्या कपाटात का ठेवू, म्हणाला. मग दोन रस्ते सोडून कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, तिथल्या बाईंनी त्याला घरच्या सर्व्हरबद्दल सांगितलं. एक साधा कॉम्प्युटर चोवीस तास चालू ठेवायचा, त्यात सगळे व्हिडिओ भरायचे आणि घरच्या टीव्हीवर किंवा बाहेरून मोबाइलवर हवे तेव्हा बघायचे. हे ऐकल्यावर तो लहान पोरासारखा हरखला. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर बाईंनी त्याला बघून दिला, दोन मोठ्या हार्ड डिस्क बसवून दिल्या आणि बाकीचं तुम्हीच करा, शिकाल, असं म्हणाल्या.

तो शिकला. सहज नाही. पहिले पंधरा दिवस टीव्हीला सर्व्हर सापडायचाच नाही. राउटर बंद होऊन चालू झाला की त्या कॉम्प्युटरला नवा नंबर द्यायचा आणि टीव्ही जुन्याच नंबरवर शोधत बसायचा. लिफ्टने रोज वेगळ्याच मजल्याला तळमजला म्हणायचं ठरवलं तर माणसं उतरणार कुठे, असं तो म्हणाला. शेवटी मी सूचना वाचत गेलो आणि त्याने नंबर कायमचा बांधून टाकला. मग निराळीच मजा. सर्व्हर आपल्या मनाने प्रत्येक व्हिडिओ कुठल्या तरी सिनेमाचा समजायचा आणि त्याचं पोस्टर लावायचा. ‘सहल’ नावाच्या टेपेवर कुऱ्हाड घेतलेला एक माणूस आला होता. बायकोच्या वाढदिवसाच्या टेपेवर पाणबुडी. एकेक पोस्टर काढून तिथे घरचा फोटो लावण्यात त्याचा एक अख्खा आठवडा गेला. बिनतारी जोडणीवर चित्र अडकायचं, म्हणून त्याने भिंतीच्या कडेने केबल ओढली, ती मात्र कामगाराच्या हाताला शोभेल अशी सरळ, दर वीतभर अंतरावर खिळा. व्हिडिओ सुरू व्हायला वेळ लागला की पडद्यावरच्या गोल फिरणाऱ्या खुणेकडे तो कितीही वेळ बघत बसायचा. कधी चिडला नाही.

टेपा भरायला सर्वांत जास्त दिवस लागले. तासाभराची टेप तासभर वाजवूनच कॉम्प्युटरमध्ये जाते. तो टेप लावायचा, चित्र येतंय एवढं बघायचा, जुन्या टेपांची घरघर नको म्हणून आवाज बंद करायचा आणि गॅलरीत येऊन बसायचा. एक्केचाळीस टेपा त्याने अशा भरल्या. आवाज ऐकून एकही नाही.

या सगळ्या दिवसांत त्याची नात दुपारी त्याच्याकडेच असायची. लेक कृत्रिम दात बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, जावई बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. त्यामुळे शाळा सुटली की सात वर्षांची नात आजोबांकडे. त्या वर्षी ती बोलताना अडखळायला लागली होती. शब्दाचं पहिलं अक्षर तोंडात यायचं आणि तिथेच बसायचं. मान ताणली जायची, पापण्या मिटायच्या.

गमत्याने याच्यावर स्वतःचा उपाय सुरू केला. तिला बिस्किट हवं असेल तर तिने ‘बिस्किट’ हा शब्द एका दमात म्हणायचा. अडखळली की गमत्या डबा वर उचलायचा आणि तिच्याच सुरात म्हणायचा, “बि-बि-बि संपली वाटतं गाडी.” मी एकदा समोर होतो. पोरगी हसली. मुलं हसतात, बाकी सगळे हसत असले की. लेकीने त्याला एकदा सांगून पाहिलं की असं करू नका, वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी मना केलंय. तो म्हणाला, तुझंही असंच होतं, मीच सोडवलं ना. लेकीने पोरीचं दप्तर उचललं. ती तशी बोलतेच कमी. मला वाटायचं स्वभाव असेल.

सर्व्हर नीट चालायला लागल्यावर त्याने लेकीच्या नावाने खातं उघडलं आणि तिच्या मोबाइलवर सगळं दिसेल अशी सोय केली. सर्व्हरवर एक पान असतं. कोण, कधी, काय बघतंय ते त्यावर दिसतं. गमत्याला त्या पानाचं वेडच लागलं. चहा घेताना, जेवताना, ते पान उघडं. सुरुवातीला लेकीने इकडचं तिकडचं थोडं पाहिलं. मग तेवीस नंबरची टेप तिला सापडली आणि त्यानंतर तिने दुसरं काही पाहिलंच नाही. रोज दुपारी, तिच्या जेवणाच्या सुट्टीत, तीच टेप. सुरुवातीपासून नाही, बरोबर एकोणिसाव्या मिनिटापासून पुढची चार मिनिटं.

त्याने मला बोलावून दाखवलं. “सतरा वेळा झालं,” तो म्हणाला. “काय असेल रे त्यात?”

बघ ना लावून, मी म्हटलं. पण त्याला ते एकट्याने बघायचं नव्हतं. त्याच्या डोक्यात समारंभ शिरला होता. लेकीला सगळ्यांच्या देखत तिची आवडती टेप दाखवायची, सर्व्हरचं उद्घाटन करायचं. म्हणाला, पोरगी कधी तोंडावर काही बोलली नाही रे, पण बघ, मनात आहे.

रविवारी सकाळी अकराला आम्ही त्याच्या घरी जमलो. लेक आणि नात, त्याचा मेहुणा म्हणजे लेकीचा मामा, दुकानातल्या बाई आणि मी. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. टीव्हीसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. आधी त्याने आम्हाला केबल दाखवली, मग पोस्टरांची गोष्ट सांगितली, आम्ही हसलो. मग तो लेकीकडे वळून म्हणाला, “आता हिची आवडती. बावीस वेळा पाहिलीय हिने. मला सगळं दिसतं इथे.”

लेकीने त्याच्याकडे पाहिलं. “बाबा, ती नको.”

“लाजते बघा,” तो आम्हाला म्हणाला आणि रिमोटने थेट एकोणिसावं मिनिट लावलं.

स्वयंपाकघर दिसलं. सात वर्षांची मुलगी, ठिपक्यांचा फ्रॉक, उंच स्टुलावर बसवलेली. पाय जमिनीला लागत नव्हते. बाहेरून खेळून आली असावी, केस कपाळाला चिकटले होते. कॅमेऱ्यामागून गमत्याचा तरुण आवाज आला, “काय हवंय आमच्या बाईसाहेबांना?”

मुलीने तोंड उघडलं. “पा,” ती म्हणाली, आणि शब्द तिथे अडकला. “पा. पा.”

“पापड? पाव? पाल?”

टेपमध्ये कुणीतरी मोठ्याने हसलं. तो मामाचा आवाज होता, आणि खोलीत बसलेला मामाही त्याच ठिकाणी तसाच हसला. मीही हसलो. इथे ते लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. गमत्या तर तीस वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या आवाजाबरोबर हसत होता, एका तालात.

मुलीने ओट्यावरच्या माठाकडे बोट दाखवलं. “अंहं,” आवाज म्हणाला, “बोट नाही. मुक्यांना पाणी मिळत नाही या दुकानात. तोंडाने मागायचं.” ती परत प्रयत्न करायला लागली. मान ताणली. कॅमेरा पुढे सरकला, इतका की चेहऱ्याशिवाय काही दिसेना. डावीकडून एक हात आला, हिरव्या बांगड्यांचा, हातात पेला. मुलीचे डोळे पेल्याकडे वळले. आवाज बदलला, हसू गेलं. “खाली ठेव तो. तूच लाडावून ठेवलंयस तिला.” हात क्षणभर तसाच राहिला आणि मग मागे गेला.

आता खोलीत कुणी हसत नव्हतं. टेपमध्ये मामा हसत होता.

गमत्याने रिमोट उचलला. लेक उठली, त्याच्या हातातून रिमोट घेतला आणि परत जागेवर जाऊन बसली. “अजून दीड मिनिट आहे,” ती म्हणाली.

तेवढ्यात नात खुर्चीवरून उतरली आणि टीव्हीजवळ जाऊन उभी राहिली. पडद्यावरची मुलगी आपली आई आहे हे तिला कळलं होतं की नाही, सांगता येत नाही. तिला तो शब्द माहीत होता आणि तो तिला सांगायचा होता. “पा,” नात म्हणाली, आणि तिचीही मान ताणली. पडद्यावर एक आणि पडद्यापुढे एक, दोघी एकाच अक्षरावर अडकल्या होत्या. मी जमिनीकडे बघत राहिलो.

“सावकाश,” लेक म्हणाली. “वेळ आहे.”

आम्ही सगळे थांबलो. मग नात म्हणाली, “पाणी.”

पडद्यावरच्या मुलीला तो शब्द शेवटपर्यंत आला नाही. तिने तोंड मिटलं. ती सरळ कॅमेऱ्याच्या भिंगाकडे बघायला लागली आणि तशीच बघत राहिली. “संपली वाटतं तहान,” गमत्याचा आवाज म्हणाला. “बघा, कसं सुटलं.” मग चित्र काळं झालं.

गमत्या उभाच होता. त्याला अशा वेळी नेहमी काहीतरी सुचायचं. त्या दिवशी एवढंच सुचलं, “मला आठवतही नाही हे.”

“मला आठवत होतं,” लेक म्हणाली. “आईला विचारलं तर ती म्हणायची, असं काही घडलंच नाही, तुला स्वप्न पडलं असेल. तीस वर्षं मला वाटत होतं मी मनाने रचलंय सगळं. माझ्यातच काहीतरी वाकडं आहे. आणि तुम्ही एवढी खटपट करून ते मला घरपोच पाठवलंत.” ती थांबली, आणि मला प्रथमच लक्षात आलं की ती बोलताना अधूनमधून का थांबते. काही शब्दांना ती वळसा घालते. “रोज बघून मी खात्री करत होते. आता झाली. उद्यापासून ही तुमच्याकडे येणार नाही.”

मामा म्हणाला, अगं, त्या काळी असंच असायचं. तिने मामाकडे नुसतं पाहिलं, आणि मामाने पायात चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी गमत्याने ती टेप सर्व्हरवरून पुसली. नुसती पुसली तर ती कॉम्प्युटरमधल्या कचऱ्याच्या टोपलीत राहते हे त्याला ठाऊक होतं, म्हणून टोपलीही रिकामी केली. मग लेकीला फोन करून सांगितलं, काढून टाकली, आता विसरून जा. ती म्हणाली, माझ्याकडे आहे. आणि फोन ठेवला.

नात शाळेतूनच कुठल्याशा पाळणाघरात जायला लागली. गमत्याच्या दुपारी रिकाम्या झाल्या आणि त्या रिकाम्या दुपारी त्याने उरलेल्या चाळीस टेपा ऐकायला घेतल्या. या वेळी आवाज चालू ठेवून. मला तो वरून येणारा आवाज ऐकू यायचा. समुद्र, बाग, रेल्वेचा फलाट, वाढदिवस, आणि सगळ्यांच्या वर त्याचाच आवाज. चार-पाच दिवसांनी तो खाली आला, माझ्या दारातच उभा राहिला आणि म्हणाला, “हिचं एकही वाक्य पुरं नाही रे.”

बायकोबद्दल बोलत होता. ती काही बोलायला लागली की कॅमेऱ्यामागून हा बोलायचा. ती “मी काय म्हणते” म्हणायची आणि हा पुढचं तिच्या नकलेत म्हणून टाकायचा. सदतीस वर्षांचा संसार, चाळीस तासांचं चित्रण, आणि तिचा आवाज दोन-दोन, तीन-तीन शब्दांचा. मी त्याला आत ये म्हटलं नाही. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

छत्तिसाव्या टेपेत त्याला सापडलं. कॅमेरा चुकून चालू राहिला होता आणि टेबलावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. चित्रात नुसती भिंत आणि दिव्याचं बटण. हा बहुधा खाली गेला होता. बायकोचा आवाज येतो, “बोल आता. ते खाली गेलेत. सावकाश बोल, मी ऐकतेय.” आणि लेक बोलायला लागते. शाळेतलं काहीतरी, कुणाची तरी वही फाटली, बाईंनी कुणाला उभं केलं. अडखळते, थांबते, परत निघते. आई मध्ये एक अक्षर बोलत नाही. दोन मिनिटांहून जास्त. मग जिन्यावर पावलं वाजतात. लेक वाक्याच्या मधेच थांबते. दार उघडतं आणि गमत्या म्हणतो, “काय, मी आलो की तोंडं शिवता काय दोघी?”

हे त्याने मला दोनदा ऐकवलं. ही तिला द्यायला हवी, म्हणाला. पेन ड्राइव्हवर भरून घेतली आणि शनिवारी दुपारी तो लेकीच्या घरी गेला. वाटेत काय बोलायचं ते त्याने ठरवलं होतं. माफी हा शब्दही ठरवला होता, जो त्याने आयुष्यात गंमत म्हणूनच वापरला असेल.

दार नातीने उघडलं. बऱ्याच दिवसांनी आजोबांना बघत होती, चेहरा खुलला तिचा. “आ,” ती म्हणाली. “आ. आ.”

“आ-आ-आगगाडी आली,” गमत्या म्हणाला.

त्याने मला शपथेवर सांगितलं की त्याला म्हणायचं नव्हतं. तोंडाने आपोआप म्हटलं. नातीचा चेहरा मिटला आणि ती हसली, त्याच्याकडे असताना हसायची तशी. मग आत निघून गेली.

लेक दारात आली. तिने ऐकलं होतं. तो म्हणाला, तोंडातून गेलं. “माहीत आहे,” ती म्हणाली. त्याने पेन ड्राइव्ह पुढे केला, यात आईचा आवाज आहे म्हणाला, दोन मिनिटं, सलग. तिचा हात पुढे आला आणि थांबला.

“त्यात तुम्ही आहात?”

“शेवटी. पाच-सहा सेकंद.”

“मग तेवढं कापून द्या,” ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

व्हिडिओ कापायचा कसा हे त्याला येत नव्हतं. दुकानातल्या बाईंकडून त्याने शिकून घेतलं. मी शेजारी बसून सूचना वाचत होतो. पहिल्यांदा त्याने स्वतःचं वाक्य कापलं. लावून बघितलं. दाराचा आवाज राहिला होता, तो कापला. मग पावलं राहिली होती. ती किती आधीपासून ऐकू येतात हे त्याला माहीत नव्हतं. हेडफोन लावून तो एकेक सेकंद मागे जात राहिला. पहिलं पाऊल लेकीच्या वाक्याच्या आत पडत होतं. ते काढायचं तर तिचे तीन शब्द जात होते. त्याने मला विचारलं, काय करू. मी म्हटलं, मला विचारू नकोस. अर्धा तास बसून त्याने ते तीन शब्द ठेवले, पाऊल ठेवलं आणि पुढचं सगळं काढून टाकलं.

फाइल त्याने तिच्या खात्यात टाकली आणि ते पान उघडून बसला. सोमवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, लेकीचं नाव दिसलं. तिने ती एकदाच ऐकली, शेवटपर्यंत, आणि उतरवून घेतली. मग त्याच पानावर तिचं नाव यादीतून गेलं. खातं तिने स्वतःच बंद केलं होतं.

याला दीड वर्ष झालं. नात आता बरीच मोकळी बोलते, असं मामाकडून कळतं. मामा तिकडे जातो, त्याला येऊ देतात. गमत्याचा सर्व्हर चालू आहे. इमारतीत कुणी विचारलं तर तो केबल दाखवतो, नंबर कसा बांधला ते सांगतो, पोस्टरांची गोष्ट सांगतो. वेल्डरची गोष्ट परवा त्याने पुन्हा सांगितली, खालच्या मजल्यावर नव्या आलेल्या भाडेकरूंना. ते हसले. त्याने टाळीसाठी माझ्याकडे हात केला आणि मी दिली.